हिमनदीच्या तोंडाशी

नकाशात स्वालबार शोधायचं तर नॉर्वेच्याही वर, जिथे बहुतेक नकाशांची चौकट संपायला येते तिथवर बोट न्यावं लागतं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटाच्या, स्पिट्सबर्गनच्या, पश्चिम किनाऱ्यावर ७९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास समुद्र जमिनीत वीसेक किलोमीटर आत घुसलाय. हा कोंग्सफ्योर्ड. त्याच्या दक्षिण काठावर न्यू-ओलेसुन नावाची छोटीशी वस्ती आहे. एके काळी इथे कोळशाच्या खाणी होत्या. ५ नोव्हेंबर १९६२ला झालेल्या स्फोटात २१ कामगार गेले, खाण कायमची बंद झाली आणि त्याचे पडसाद इतके उमटले की पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं. आता तिथे वेगवेगळ्या देशांची संशोधन केंद्रं आहेत. त्यात २००८पासून आपलं 'हिमाद्री'ही आहे. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. मालवणात वाढलेली आणि प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर, काम करणारी मी तिथे पोचले ती याच वाटेनं.

या कोंग्सफ्योर्डबद्दल मला लिहायचंय ते मात्र पाखरांच्या निमित्तानं. पाण्याचे नमुने गोळा करणं हे माझं काम. बाटल्या, जाळी, लेबलं, नोंदवही यातच दिवस जायचा. पण कोंग्सफ्योर्ड मला कळला तो जेवढा बाटल्यांमधून, तेवढाच वर उडणाऱ्यांकडे बघून.

आधी जागा नीट समजून घ्यायला हवी. फ्योर्ड म्हणजे हिमनदीनं कोरलेली दरी, नंतर समुद्रानं भरलेली. पुष्कळ फ्योर्डांच्या तोंडाशी पाण्याखाली एक उंबरा असतो, त्यामुळे बाहेरच्या समुद्राचं खोल पाणी सहज आत येत नाही. कोंग्सफ्योर्डला असा अडवणारा उंबरा नाही. उलट बाहेरच्या उथळ समुद्रतळावर एक खोल चर आहे, तो थेट फ्योर्डच्या तोंडाशी येतो. आणि बाहेरून वाहतो तो अटलांटिकचा कोमट प्रवाह, आखाती प्रवाहाचा (गल्फ स्ट्रीमचा) उत्तरेकडे गेलेला शेवटचा फाटा. कोमट म्हणजे आपल्या हिशेबानं हाडं गोठवणाराच, पण आर्क्टिकच्या पाण्यासमोर ऊबदार आणि जास्त खारट. एका बाजूनं हे पाणी आत शिरतं, दुसऱ्या बाजूनं हिमनद्या गोडं, गार पाणी ओतत असतात. दोन महासागर जणू या एवढ्याशा जागेत एकमेकांना ढकलत असतात. कुठल्या वर्षी कोणाचं पारडं जड, त्यावर तिथलं सगळं जगणं ठरतं.

फ्योर्डच्या आतल्या टोकाला तीन त्रिकोणी शिखरं दिसतात. स्विया, नोरा आणि डाना, म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क. त्यांच्या पायथ्याशी क्रोनेब्रीन ही हिमनदी समुद्राला भिडते. स्वालबारमधल्या सगळ्यात वेगवान हिमनद्यांपैकी ही एक, उन्हाळ्यात दिवसाला दोनेक मीटर पुढे सरकणारी. सरकते पुढे आणि तरी वर्षागणिक मागे हटते, कारण तोंडाशी बर्फ तुटण्याचा आणि वितळण्याचा वेग त्याहून जास्त आहे. उत्तरेकडे ब्लोमस्ट्रांड नावाचा एक तुकडा आहे. जुन्या नकाशांत तो द्वीपकल्प म्हणून दाखवलेला असे. १९९०च्या दशकात हिमनदी मागे सरली आणि कळलं की ते बेट आहे. जमीन आणि बेट यांना जोडून होता तो फक्त बर्फ. शंभरेक वर्षांपूर्वी अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजानं याच ब्लोमस्ट्रांडवर संगमरवराची खाण काढली होती. यंत्रं आली, घरं उभी राहिली. पण गोठून-वितळून भेगाळलेला तो दगड काही उपयोगाचा निघाला नाही. गंजलेली यंत्रं अजून तिथेच आहेत.

मे महिन्यात पाखरं येऊ लागतात. काही आधीच आलेली असतात. वस्तीतल्या माणसांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात जवळून भेटते ती आर्क्टिक सुरय. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, चोच लालभडक, शेपटी दुभंगलेली. अंडी घालते ती थेट रस्त्याच्या कडेच्या खडीत. मग त्या रस्त्यानं जाणारा कोणीही तिचा शत्रू. वरून सूर मारून टाळक्यावर चोच मारते आणि रक्त काढते. म्हणून जूनमध्ये न्यू-ओलेसुनमध्ये सगळे हातात काठी डोक्याच्या वर धरून चालतात, कारण सुरय सगळ्यात उंच टोकावर हल्ला करते. ही चिमुकली पाखरं ऑगस्टअखेर निघतात ती थेट अंटार्क्टिकाच्या समुद्राकडे. ग्रीनलंडमधल्या सुरयांच्या पायाला बारीक नोंदयंत्रं बांधून २०१०मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाचा प्रवास सरासरी ७०,००० किलोमीटरच्या पुढे निघाला. अशी एक सुरय माझ्या टोपीवर तुटून पडत होती तेव्हा मला तिचा राग येईना. एवढं अंतर कापून आल्यावर पोरांच्या आसपास कोणी फिरकलेलं मलाही चाललं नसतं.

फ्योर्डच्या मध्यभागी लोवेन बेटं आहेत, सखल, दगडगोट्यांची. तिथे आयडर बदकं आणि बार्नकल हंस घरटी करतात. १५ मे ते १५ ऑगस्ट या काळात त्या बेटांवर माणसानं पाऊल ठेवायचं नाही, होडीनंही ३०० मीटरच्या आत जायचं नाही असा कायदा आहे. आयडरची मादी स्वतःच्या छातीची पिसं उपसून घरट्याला अस्तर लावते आणि पंचवीसेक दिवस जवळजवळ काही न खाता अंड्यांवर बसते. बार्नकल हंस हिवाळ्यात स्कॉटलंडच्या सॉलवे खाडीत असतात. १९४०च्या दशकात शिकारीमुळे जेमतेम तीनशे उरले होते, आज हजारोंच्या घरात आहेत. शिकार थांबवली, हिवाळ्यातली जागा राखली, आणि त्यांनी बाकीचं स्वतः केलं. पक्ष्यांबद्दल नुसतं हळहळणाऱ्यांना मी नेहमी या हंसांचं उदाहरण देते.

या बेटांचं गणित मात्र आता बदललंय. पूर्वी फ्योर्डचा आतला भाग हिवाळ्यात घट्ट गोठायचा आणि तो बर्फ वसंतात उशिरापर्यंत टिकायचा. त्यावरून कोल्हे चालत बेटांवर जायचे, म्हणून बर्फ फुटेपर्यंत आयडर घरटी करत नसत. २००६च्या हिवाळ्यापासून हा बर्फ बऱ्याच वर्षी नीट धरतच नाही. म्हणजे कोल्ह्याची वाट बंद झाली, बरंच झालं, असं वाटेल. पण ध्रुवीय अस्वलं सील पकडतात तीही त्याच बर्फावर. बर्फ नाही तर सील हाती लागत नाहीत. मग अस्वलं पोहत बेटांवर येतात आणि एकामागून एक घरटं साफ करत जातात. एक अस्वल काही दिवसांत सगळ्या बेटाचा हंगाम संपवू शकतं. आम्ही दुर्बिणीतून एक पाहिलं होतं. खाली मान घालून ते सावकाश पुढे पुढे जात होतं आणि त्याच्यासमोरून बदकं उठत होती.

पण माझा जीव जडला तो कड्यांवरच्या पाखरांवर. आतल्या बाजूला ओसियन सार्स नावाचा डोंगर आहे, त्याच्या अलीकडे क्रिक्येफ्येल नावाचा कडा. तिथे किटिवेक असतात, म्हणजे खऱ्या अर्थानं समुद्रात राहणारे कुरव. आपल्याकडे बंदरावर दिसणारे कुरव माशांच्या टाकाऊ तुकड्यांवरही भागवतात, हे मात्र हिवाळाभर खुल्या अटलांटिकमध्ये, थेट कॅनडाच्या बाजूला असतात आणि जमिनीवर येतात ते फक्त पिल्लांसाठी. पाठ करडी, पोट पांढरं, आणि पंखांची टोकं शाईत बुडवून काढल्यासारखी काळी. उभ्या भिंतीवर तळहाताएवढी कंगोऱ्याची जागा असली की चिखल आणि शेवाळ थापून तिथे घरटं करतात. बहुतेक वेळा दोन अंडी. इतर कुरवांची पिल्लं चालायला लागली की इकडे तिकडे पळतात. किटिवेकचं पिल्लू तसं करत नाही, भिंतीकडे तोंड करून बसून राहतं. पळालं असतं तर समुद्रात पडलं असतं, म्हणून न पळणारीच वाचत गेली. होडीतून कड्याखाली गेलं की आधी वास येतो, मग आवाज. हजारो गळ्यांतून तोच तोच त्रिस्वर, आणि तो कड्यावरून आपटून परत येतो.

त्याच कड्यांवर ब्रुनिकचे गिलेमॉट असतात. काळे-पांढरे, किलोभर वजनाचे, उडताना पंख इतके वेगानं हलवतात की बघून आपल्यालाच धाप लागते. हे घरटं करतच नाहीत. उघड्या दगडावर एकच अंडं, एका बाजूला निमुळतं. पंख आखूड, कारण ते खरे पाण्यातले पंख आहेत. शंभर मीटरपेक्षा खोल बुडी मारून मासे आणतात. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाच कड्यावरून उडी टाकतं. खाली समुद्रात बाप हाका मारत असतो. समुद्रात पडलं तर बापाबरोबर पोहत निघून जातं, जमिनीवर पडलं तर कोल्हा किंवा ग्लॉकस गल हा मोठा कुरव टपलेला असतोच.

आणि कड्याखाली हिरवळ. आर्क्टिकमध्ये बाकी सगळीकडे दगड, माती, शेवाळाचा पातळ थर. पण पाखरांच्या कड्याखाली गवत घोट्यापर्यंत येतं आणि फुलं असतात. समुद्रातून उचललेला नत्र आणि स्फुरद विष्ठेतून वर्षानुवर्षं खाली पडतोय. त्यावर रेनडियर चरतात, हंस चरतात, कोल्हे त्या उतारावर बीळ करतात. एवढंच नाही. विष्ठेतून निघणारा अमोनिया हवेत जाऊन उन्हाळ्यात ढग तयार व्हायला मदत करतो, असं कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये काम केलेल्या शास्त्रज्ञांनी २०१६मध्ये दाखवलं. पाखरांच्या वसाहतीनं आकाशातले ढग बदलावेत हे मला कितीदा वाचूनही नवं वाटतं.

आता हिमनदीच्या तोंडाकडे. आमच्या चमूत रत्नागिरीचे एक तंत्रज्ञ होते, मच्छीमारांच्या घरातले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. क्रोनेब्रीनपासून सुरक्षित अंतर राखून आम्ही होडी थांबवली होती. समोर निळसर बर्फाची भिंत, पाणी विटकरी तांबडं, कारण हिमनदी खाली घासते तो खडक लाल आहे. काकांनी भिंतीच्या एका कोपऱ्याकडे बोट केलं. "बाय, थयसर बघ. पाखरां बसलीत. खाली कायतरी हाय." बर्फाच्या त्या लांबच लांब भिंतीसमोर बाकी सगळं ओकंबोकं, आणि एकाच ठिकाणी शेकडो किटिवेक पाण्यावर आपटत होते, उठत होते, पुन्हा आपटत होते. काठाला काही फुलमार, हेही समुद्रपक्षीच, तरंगत होते. आमच्याकडे रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, लोक किनाऱ्यावर उभे राहून असंच बघतात, पाखरं बसली की मासळीचा थवा तिथे.

खाली काय होतं ते नंतर माझ्या जाळ्यात आलं. उन्हाळ्यात हिमनदीच्या पृष्ठावर वितळलेलं पाणी भेगांमधून तळाशी जातं आणि बर्फाखालच्या बोगद्यातून समुद्रतळाजवळ बाहेर पडतं. ते गोडं, म्हणून हलकं, त्यामुळे समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून उसळून वर येतं. वर येताना आजूबाजूचं खोल पाणी, त्यातले प्लवक आणि कोळंबीसारखे बारीक जीव ओढून आणतं. एकाएकी गोड्या पाण्यात सापडलेल्या या जिवांना क्षारांच्या फरकाचा धक्का बसतो. काही मरतात, काही नुसते सुन्न होऊन पृष्ठभागावर तरंगतात. किटिवेकला खोल बुडी येत नाही, त्याला वरच्या हातभर पाण्यातलंच मिळतं. त्याच्यासाठी हे ताट वाढून ठेवल्यासारखं. बाहेर पडणाऱ्या पाण्याची जागा आणि जोर बदलत राहतात, त्याप्रमाणे पाखरांची गर्दीही सरकते. कोंग्सफ्योर्डमध्ये यावर चांगला अभ्यास झालाय, आणि हिमनदीच्या तोंडाशी पाखरं जमतात ही गोष्ट तर १९३०च्या दशकात स्पिट्सबर्गनला गेलेल्या अभ्यासकांनीही टिपून ठेवली होती.

या ताटाची एकच अट आहे, हिमनदीचं तोंड समुद्रात हवं. ती मागे हटत हटत जमिनीवर गेली की वितळलेलं पाणी ओढ्यासारखं वरच्यावर येऊन मिसळेल, खालून उसळी नाही. गढूळपणा राहील, खाणं नाही. फ्योर्डमधली एकेक हिमनदी त्या दिशेनं चालली आहे. हिमनदी वितळते म्हणून समुद्राची पातळी वाढते हे आपण सतत ऐकतो आणि ते खरंच आहे. पण ती किनाऱ्यावर चढली की शेकडो चोचींचं ताट उचललं जातं, हे कोणी बोलत नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी, कारण एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, मी सूक्ष्मदर्शकाखाली जाळ्यातला माल बघायची. त्यात कॅलेनस नावाचा प्लवक असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान, पारदर्शक, दोन लांब मिशांचा. अंगात मधोमध तेलाची पिशवी, तीही आरपार दिसते. फ्योर्डमध्ये याच्या दोन मुख्य जाती. आर्क्टिकच्या पाण्यातली मोठी आणि तेलानं भरलेली, अटलांटिकच्या पाण्यातली लहान आणि तुलनेनं रोडकी. दोघी एकाच बशीत शेजारी पडलेल्या असल्या की मोठीची पिशवी टम्म आणि धाकटीची बारीक रेघ, एवढा फरक नजरेला दिसतो. लिटल ऑक नावाचा दीडशे ग्रॅमचा पक्षी, दगडांच्या राशीत घरटं करणारा, मुख्यतः यावरच जगतो. पिल्लू वाढवताना त्याला दिवसाला सुमारे ६०,००० कॅलेनस लागतात असा हिशेब आहे. अटलांटिकचं पाणी वाढलं, लहान जात वाढली, की तेवढ्याच तेलासाठी त्याला कितीतरी जास्त बुड्या माराव्या लागतात.

किटिवेकची गोष्ट वेगळी निघाली. पकडला की हा पक्षी पोटातलं ओकतो, त्यामुळे त्यानं काय खाल्लं ते कळतं. कोंग्सफ्योर्डमध्ये १९८२पासून २०१६पर्यंतचे असे नमुने एकत्र मांडले तेव्हा २००७च्या सुमाराला स्पष्ट बदल दिसला. आधी आर्क्टिकचा ध्रुवीय कॉड मुख्य असायचा. नंतर कॅपेलिन आणि हेरिंग, म्हणजे दक्षिणेकडचे मासे वाढले. पाणी बदलल्याची खबर पाखरांच्या पोटातून आली. किटिवेकनं ताट बदलून निभावलं. ऑकला ते इतकं सोपं नाही. गिलेमॉट तर स्वालबारमध्ये कमी होत चाललेत. म्हणून 'हवामानबदलामुळे पाखरं मरतायत' एवढंच म्हणून थांबणं मला पटत नाही. एकाच फ्योर्डमध्ये, एकाच कड्यावर, शेजारी शेजारी बसलेल्यांचं नशीब वेगळं आहे. किटिवेकही निर्धास्त नाही. जगभरातली संख्या घटल्यामुळे २०१७मध्ये त्याची नोंद असुरक्षित जातींत झाली.

२३ जुलै २०१४ला आपल्या शास्त्रज्ञांनी कोंग्सफ्योर्डच्या मध्यभागी, १९२ मीटर खोल पाण्यात 'इंडआर्क' नावाची वेधशाळा सोडली. तळाला नांगरलेली दोरी, तिच्यावर वेगवेगळ्या खोलीवर तापमान, क्षारता, प्रवाह मोजणारी यंत्रं. आर्क्टिकमधले बदल आणि आपला पाऊस यांचं नातं समजून घेणं हा त्यामागचा एक हेतू. यंत्र वर्षभर मोजतं, वर काढलं की आकडे मिळतात. माझी इच्छा एवढीच की त्या आकड्यांशेजारी कड्यावरच्या मोजणीचा तक्ता ठेवून वाचावं. गोव्यात बसून हे करता येतं. आमच्या प्रयोगशाळेत भौतिकवाले आणि जीववाले वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात. जेवणाच्या सुट्टीत मी हा विषय काढतच असते.

आणि हिवाळा. २४ ऑक्टोबरच्या सुमाराला तिथे सूर्य जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. या काळात फ्योर्ड झोपलेला असतो, असं कितीतरी वर्षं धरलेलं होतं. मग जानेवारीत, मिट्ट काळोखात, संशोधक होड्या घेऊन गेले आणि त्यांना तिथे लिटल ऑक, गिलेमॉट, किटिवेक, फुलमार सापडले. नुसते सापडले नाहीत, त्यांच्या पोटात ताजं खाणं होतं. २०१५मध्ये हे प्रसिद्ध झालं. बुडी मारणारे पक्षी अंधारात क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, कसे शोधतात? एक अंदाज असा की हे जीव हलले की स्वतःच चमकतात आणि ती चमक पक्ष्यांना दिसते. नक्की उत्तर अजून नाही. हेही लक्षात आलंय की जहाजाचे दिवे लागले की खाली २०० मीटरपर्यंतचे जीव बिथरतात, म्हणजे उजेडात केलेली हिवाळी मोजणी जपूनच वापरायला हवी.

डिसेंबर २०२३पासून भारताची माणसं हिवाळ्यातही 'हिमाद्री'त राहू लागली आहेत. मी अर्जात जाळ्यांची यादी जोडली आहे, आणि तिच्याखाली लिहिलंय की होडीवर फक्त लाल दिवा हवा, तोही झाकलेला.